हिरवा दिवा लागला, पुढे काय?

जुन्या डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये राउटरकडून आलेली लॅन केबल खुपसली, ‘टक’ असा आवाज झाला, पोर्टशेजारी हिरवा दिवा लागला आणि दुसरा नारिंगी दिवा लुकलुकू लागला. म्हणजे तार ठीक आहे, पलीकडे राउटर जागा आहे. त्याच राउटरवर घरातल्या सगळ्यांचे मोबाइल बिनबोभाट चालू आहेत. तरीही पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळे उद्गारचिन्ह उभे राहते आणि ब्राउझर सांगतो की पान उघडता येत नाही. अशा वेळी दहापैकी नऊ जण केबलवर संशय घेतात. ती काढून पुन्हा लावतात, फुंकर मारतात, शेवटी दुकानातून नवी आणतात. दिवा पुन्हा लागतो आणि पान पुन्हा उघडत नाही.

खरे तर या प्रकरणात केबलवर सर्वांत शेवटी संशय घ्यावा. जुन्या संगणकाच्या नेट-जोडणीत सर्वांत जुने तंत्र तारेचे असते आणि आजही सर्वांत कमी कुरकुर तीच करते. तारेकडून पत्त्याकडे आणि पत्त्याकडून वेबसाइटकडे जसजसे वर जावे, तसतसे यंत्राचे वय जाणवू लागते. हे उलटे वाटते खरे, पण त्याला कारण आहे. ते कळले की कुठे खटपट करायची आणि कुठे हात टेकायचे, हेही कळते.

बोलण्यासाठी एक ठरावीक यंत्र समोर ठेवू. २००५-०६ च्या सुमारास मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असेंबल केलेला पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज एक्सपी. असे यंत्र आजही कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या डीटीपीच्या दुकानात, कुणा सोसायटीच्या कार्यालयात धूळ खात असते आणि त्यात काहीतरी हवे असलेले अडकलेले असते.

पीळ दिलेल्या तारा

आधी एक गोष्ट तपासून घ्या. त्या काळच्या संगणकांना मागे एकसारखी दिसणारी दोन जातींची पोर्ट असत. अरुंद पोर्ट डायल-अप मोडेमचे, टेलिफोनच्या वायरसाठी. रुंद, आत आठ सोनेरी पट्ट्या असलेले पोर्ट लॅनचे. केबल अरुंद पोर्टात बसत नाही, आणि बसत नसेल तर बळ लावू नये.

केबलचे टोक सोलून पाहिले तर आत आठ बारीक तारा दिसतात. त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीतल्या दोघी एकमेकींभोवती पीळ घालून गुंफलेल्या. एका तारेवरचा विद्युतदाब वर जातो तेव्हा जोडीदार तारेवरचा तेवढाच खाली जातो, आणि पलीकडचे कार्ड फक्त दोघींमधला फरक वाचते. वाटेत ट्यूबलाइटचा चोक किंवा मिक्सरची मोटर जो गोंगाट सोडते, तो पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो. फरक काढताना तो आपोआप वजा होतो. टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच पेटंट करून ठेवली होती. याच जोरावर साधी तांब्याची तार १०० मीटरपर्यंत संदेश नीट पोचवते.

पोर्टाच्या आत, तारा आणि चिप यांच्यामध्ये, छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. दोन बाजूंमध्ये १५०० व्होल्टपर्यंतचा फरक मिनिटभर पडला तरी तो चिपपर्यंत पोचू नये, अशी मानकाची अट आहे. दोन इमारतींच्या विजेच्या अर्थिंगमध्ये असणारा फरक त्यामुळे पचतो. पण वीज पडली की ही तटबंदी अपुरी पडते. गच्च्यांवरून एका इमारतीतून दुसरीत लॅन केबल टाकून नेट देण्याच्या दिवसांत वळवाच्या पहिल्या गडगडाटानंतर कार्डे बदलणाऱ्यांची कमाई होत असे. पोर्ट असे जळले असेल तर दिवाच लागत नाही. मग पीसीआय स्लॉटमध्ये दुसरे कार्ड बसवायचे किंवा यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर घ्यायचा. अडॅप्टर घेताना त्याच्या डब्यावर एक्सपीचे नाव आहे का, ते बघून घ्यावे. आजच्या पुष्कळ अडॅप्टरना एक्सपीशी देणेघेणे नसते.

दिवा लागण्याआधीची बोलणी

हिरवा दिवा लागतो तेव्हा एक वाटाघाट पूर्ण झालेली असते. केबल जोडताच दोन्ही टोके साधारण दर १६ मिलिसेकंदांनी ठोक्यांचा एक झुबका पाठवतात. त्या ठोक्यांत आपली कुवत सांकेतिक रूपात भरलेली असते: मला १० मेगाबिट जमते, १०० जमते, एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे जमते. राउटरची यादी लांब, जुन्या कार्डाची आखूड. दोघांच्या यादीत जे सर्वांत वरचे सामायिक असेल ते ठरते. आपल्या २००५ च्या कार्डाबाबत ते बहुधा १०० मेगाबिट असते.

पीळदार तारांवरून १० मेगाबिटचे मानक १९९० चे, १०० चे १९९५ चे आणि १००० चे १९९९ चे. प्रत्येक नव्या मानकाने मागच्यांशी बोलण्याची सोय आपल्यात ठेवली. अगदी जुन्या १० मेगाबिटच्या कार्डांना झुबके पाठवता येत नव्हते, ती एकेकटे ठोके पाठवत. आजचा घरगुती राउटर बहुधा तेही ओळखतो आणि मुकाट्याने त्या वेगावर उतरतो. तारेवरून जाणाऱ्या मजकुराची बांधणीही फारशी बदललेली नाही. डेक, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये ठरवले की पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता ४८-४८ बिटांचा असेल आणि एका खेपेत जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर जाईल. तुमच्या राउटरच्या लॅन पोर्टातून आजही हेच बाहेर पडते.

१०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. अनेक घरगुती प्लॅनना एवढे पुरून उरते, त्यामुळे वेगासाठी कार्ड बदलण्याच्या फंदात पडू नये. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. पूर्वी काही कारागीर पैसे वाचवायला एकाच केबलमधून दोन संगणकांना जोडण्या काढत, त्या यामुळेच चालून जात. अशी भिंतीतली जुनी केबल आजच्या लॅपटॉपला गिगाबिट देत नाही, पण आपल्या पेंटियमला तिचे काही वाटत नाही.

या वाटाघाटीत एक खोडा मात्र माणूस घालू शकतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची सुरुवात केली, तेव्हा सगळे संगणक एकाच जाड तारेला लटकलेले होते. कुणी बोलत नाही ना, हे ऐकायचे, मग बोलायचे. दोघे एकदम बोलले तर मजकुरांची टक्कर होई, आणि मग प्रत्येकाने कमीजास्त थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. एका वेळी एकानेच बोलण्याची ही रीत म्हणजे हाफ डुप्लेक्स. पुढे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबल मिळाली आणि दोन्ही बाजूंनी एकदम बोलणे, म्हणजे फुल डुप्लेक्स, शक्य झाले.

आता कल्पना करा, जुन्या संगणकाच्या सेटिंगमध्ये कुणीतरी हौसेने ‘ऑटो’ काढून ‘१०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स’ पक्के करून ठेवले आहे. असे कार्ड कुवतीचे झुबके पाठवणेच बंद करते. राउटरला संकेतावरून वेग १०० आहे हे ओळखता येते, पण पलीकडचा एकदम बोलतो की पाळीपाळीने, हे ओळखायचा मार्ग नाही. नियम सांगतो की अशा वेळी पाळीपाळीने बोलतो असे धरावे. झाले. एक बाजू वाटेल तेव्हा बोलते, दुसरी त्याला टक्कर समजून थांबते आणि पुन्हा पाठवते. दिवा हिरवा राहतो, छोटी पाने उघडतात, पण मोठी फाइल उतरवायला गेले की गाडी रांगू लागते. उपाय एकच: दोन्हीकडे ‘ऑटो’. या यंत्रणेत माणसाने हात घालू नये, तिला आपल्यापेक्षा जास्त कळते.

कार्ड आहे, पण विंडोजला दिसत नाही

हिरव्या दिव्याने फसण्याचे एक कारण असे की तो कार्डावरची चिप स्वतःच लावते. विंडोजला त्याची खबर असतेच असे नाही. पुष्कळ यंत्रांत संगणक बंद असला तरी मागे दिवा जळत असतो. विंडोजने कार्ड वापरायचे तर त्याला त्या चिपची भाषा शिकवणारा ड्रायव्हर लागतो. एक्सपी नव्याने टाकली असेल आणि ड्रायव्हर नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’ या नावापुढे पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. नेट चालू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवायला नेट हवे, असा हा पेच.

तो सुटतो एका ओळख क्रमांकामुळे. प्रत्येक पीसीआय कार्डात बनवणाऱ्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो. प्रश्नचिन्हावर डबल क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये गेले की तो दिसतो. ‘व्हेन’ या अक्षरांनंतर १०ईसी असेल तर चिप रियलटेकची आणि ‘डेव्ह’नंतर ८१३९ असेल तर ती त्या काळात घरोघर पोचलेली स्वस्त चिप. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा. इंजिनिअरांनाही विनोदबुद्धी असते. हा क्रमांक दुसऱ्या संगणकावर शोधून चिप बनवणाऱ्या कंपनीकडूनच ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देऊ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांपासून चार हात दूर राहावे, त्यांच्याबरोबर काय काय येईल याचा नेम नसतो.

ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून न्यायचा, तर तो पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. हल्लीचे मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचे येतात आणि वेगळे अपडेट टाकल्याशिवाय एक्सपीला ते वाचता येत नाहीत.

पत्ता मिळतो कसा

आता तार बोलते आहे, विंडोजला कार्ड दिसते आहे. पण या घरच्या जाळ्यात आपला पत्ता काय, हे संगणकाला अजून माहीत नाही. ते ठरवण्याच्या पद्धतीचे नाव डीएचसीपी. ती १९९३ मध्ये मांडली गेली आणि १९९७ मध्ये आजच्या रूपात स्थिरावली, म्हणजे आपल्या एक्सपीपेक्षा जुनी आहे.

रात्री उशिरा पंढरपुरात उतरलेला यात्रेकरू भक्तनिवासाच्या आवारात शिरतो. कार्यालय कुठे, व्यवस्थापक कोण, त्याला काहीच ठाऊक नाही. तो मध्ये उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारतो, ‘व्यवस्थापक आहेत का? खोली हवी होती.’ आतून आवाज येतो, ‘१२ नंबर रिकामी आहे.’ यात्रेकरू पुन्हा मोठ्याने म्हणतो, ‘चालेल, १२ नंबरच घेतो.’ व्यवस्थापक वहीत नोंद करतो. ‘दिली. उद्या सकाळी दहापर्यंत तुमची. बाहेर पडायचा दरवाजा उजवीकडे. गावात कुणाचे घर शोधायचे असेल तर त्या खिडकीवर विचारा.’

संगणक आणि राउटर यांच्यात हेच चार संदेश जातात. पहिला संदेश पाठवताना संगणकाजवळ पत्ता नसतो म्हणून तो आपला पत्ता ०.०.०.० असा लिहितो आणि संदेश ‘सर्वांना’ पाठवतो. नाव मात्र त्याचे स्वतःचे असते. ते म्हणजे कार्डात कोरलेला ४८ बिटांचा मॅक पत्ता. त्याचा पहिला अर्धा भाग आयईईई ही संस्था कंपनीला नेमून देते, उरलेला कंपनी भरते. राउटर १९२.१६८.१.१२ असा काही क्रमांक देऊ करतो. तिसऱ्या वेळी संगणक पुन्हा सर्वांना ऐकवून होकार देतो, कारण जाळ्यात दोन राउटर असतील तर दुसऱ्याने आपली खोली मोकळी समजावी. शेवटच्या संदेशात ठरावीक मुदतीसाठी पत्ता पक्का होतो, आणि सोबत दोन गोष्टी कळतात. बाहेरचा दरवाजा म्हणजे गेटवे, सहसा राउटर स्वतःच. आणि चौकशीची खिडकी म्हणजे डीएनएस, वेबसाइटच्या नावावरून तिचा क्रमांक सांगणारी.

पिवळे उद्गारचिन्ह येते ते व्यवस्थापकाने उत्तर न दिल्यामुळे. कितीदा हाका मारूनही कुणी बोलले नाही, तर यात्रेकरू काय करील? व्हरांड्यात पथारी टाकील, त्याआधी ‘इथे कुणी आहे का?’ एवढे विचारील. विंडोजही तसेच करते. १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा पत्ता स्वतःच निवडते आणि तो दुसऱ्या कुणी घेतलेला नाही याची खात्री करते. व्हरांड्यातल्या शेजाऱ्याशी बोलता येते, पण बाहेर जायचा दरवाजा त्याला कुणी दाखवलेला नसतो. म्हणून स्टार्ट, रन, ‘सीएमडी’ असे करून काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर केबल आणि ड्रायव्हर बहुधा निर्दोष आहेत, बोलणी पुढे अडली आहेत. अशा वेळी बऱ्याचदा मुदत संपलेल्या जुन्या अँटिव्हायरसची फायरवॉल वाट अडवून बसलेली सापडते. तो काढून टाकावा. नाहीतरी तो आता कुणाचे रक्षण करत नाही.

मागच्या जोडणीचे अवशेष

पत्ताच मागितला जात नाही, असेही होते, आणि जुन्या यंत्रात ते फार वेळा होते. १५-२० वर्षांपूर्वी गल्लीतला केबलवाला नेट द्यायचा, तेव्हा तो एक ठरलेला पत्ता, गेटवे आणि डीएनएस चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि त्याचा माणूस ते हाताने भरून जायचा. तो व्यवसाय केव्हाच बंद पडला, पण आकडे संगणकात तसेच आहेत. नव्या राउटरच्या जाळ्यात ते निरर्थक ठरतात. ‘टीसीपी/आयपी’च्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता आणि डीएनएस दोन्ही ‘आपोआप मिळव’वर आणावे. दोन्ही म्हणण्याचे कारण असे की पुष्कळदा पत्ता बदलला जातो आणि बंद पडलेल्या कंपनीचा डीएनएस मागे राहतो. मग ‘पिंग’ ही पलीकडून उत्तर येते का ते तपासणारी आज्ञा काळ्या खिडकीत क्रमांकासह दिली तर उत्तर येते, नावासह दिली तर येत नाही.

डेस्कटॉपवर ब्रॉडबँडच्या ‘डायलर’चे चिन्ह असेल, तर त्याचीही आता गरज नाही. ते युजरनेम-पासवर्डचे काम हल्ली राउटर करतो. ब्राउझरच्या ‘कनेक्शन्स’मध्ये जुन्या ऑफिसच्या मध्यस्थ सर्व्हरचा, म्हणजे प्रॉक्सीचा, पत्ता भरलेला राहिला असेल, तर तोही पुसावा.

इथून वर म्हातारपण दिसते

समजा सगळे जमले. उद्गारचिन्ह गेले, ‘पिंग’ला उत्तर येते. तरी बँकेचे, वर्तमानपत्राचे, सरकारी खात्याचे, कुठलेच पान उघडत नाही.

आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते, संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. इतक्या वर्षांत ती मेलेली असते आणि दर वेळी सुरू करताना तारीख वीसेक वर्षे मागे जाते. कुलपाचे चिन्ह असलेल्या प्रत्येक वेबसाइटकडे ओळखपत्र असते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. २००२ सालात वावरणाऱ्या संगणकाला आजचे ओळखपत्र भविष्यातले वाटते आणि तो ते नाकारतो. थोड्या रुपयांच्या बॅटरीने हा प्रश्न सुटतो.

पुढचा सुटत नाही. वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातला संवाद गुप्त ठेवणाऱ्या रीतीला टीएलएस म्हणतात. एक्सपीतला इंटरनेट एक्सप्लोरर तिची १९९९ ची पहिली आवृत्तीच जाणतो. २००८ मध्ये १.२ आणि २०१८ मध्ये १.३ आली. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी पहिली आवृत्ती बंद केली आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफनेही ती वापरू नये असे जाहीर केले. ओळखपत्रावर सही कुणाची, हाही प्रश्न आहे. विश्वासू सही करणाऱ्यांची यादी संगणकात साठवलेली असते आणि जुन्या यादीतली नावे कालबाह्य होत जातात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरची कित्येक जुनी यंत्रे एका दिवसात असंख्य वेबसाइटना मुकली.

इथे कुणालाही वाटेल की तारेवर राउटर जसा खाली उतरून १० मेगाबिटवर बोलतो, तसे वेबसाइटने जुन्या भाषेत बोलायला काय हरकत आहे? पूर्वी तसेच होत असे. नव्या रीतीने बोलणी फिसकटली की ब्राउझर आपणहून जुन्या रीतीवर उतरे, अगदी टीएलएसच्या आधीच्या एसएसएल ३.० पर्यंत. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘पूडल’ नावाने ओळखला जाणारा हल्ला उघड केला. त्यात मधला लबाड माणूस मुद्दाम बोलणी बिघडवतो, दोन्ही नव्या यंत्रांना वाटते की समोरचा म्हातारा आहे, ती जुन्या कच्च्या रीतीवर उतरतात आणि तो मधून गुपिते काढून घेतो. म्हणजे जुन्यांसाठी ठेवलेली सवलत नव्यांच्याच गळ्याशी आली.

फरक इथे आहे. तारेवर वेग कमी करून घेतला तर तोटा फक्त त्या एका केबलवरच्या संगणकाचा, तोही वेळेपुरता. सुरक्षेत सवलत ठेवली तर ती कुणीही मागू शकतो आणि तोटा सगळ्यांचा होतो. म्हणून खालची वाटाघाट उदार राहिली आणि वरची दरवर्षी कठोर होत गेली. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, फायरफॉक्सची तिच्यासाठीची शेवटची आवृत्ती २०१८ मध्ये थांबली. ब्राउझर कसाबसा चालवला तरी अशा यंत्रावरून बँकेचे किंवा पासवर्डचे कुठलेही काम करू नये.

चौकट: कुठे अडले, ते कसे ओळखावे

दिवाच लागत नाही: केबल, राउटरचे पोर्ट किंवा जळलेले कार्ड.
दिवा आहे, पण ‘आयपीकॉन्फिग’मध्ये जोडणीच दिसत नाही: ड्रायव्हर.
पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो: डीएचसीपीचे उत्तर पोचत नाही. जुनी फायरवॉल पाहा.
पत्ता भलत्याच जाळ्यातला: हाताने भरलेले जुने आकडे.
क्रमांकाला ‘पिंग’ जाते, नावाला जात नाही: डीएनएस.
दोन्हीला जाते, पाने उघडत नाहीत: घड्याळ, मग टीएलएस.
सगळे चालते, पण मोठ्या फाइलला रांगते: डुप्लेक्स ‘ऑटो’ नाही.

मग या यंत्राचे करायचे काय

नेटवर फिरायचेच असेल तर एक्सपी सोडून हलके लिनक्स टाकणे हा एक मार्ग आहे. रियलटेक ८१३९ सारख्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात, त्यामुळे वरचा पेच येत नाही. यंत्र ३२-बिट असेल तर निवड कमी होत चालली आहे, डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. अँटिएक्स हे हलके लिनक्स अजून चालते. त्या काळच्या अनेक यंत्रांना पेनड्राइव्हवरून सुरू होता येत नाही, तेव्हा सीडी राइट करावी लागते. आणि ५१२ एमबी रॅमवर आजची वेबपाने धापा टाकत उघडतात, ही अपेक्षा ठेवूनच बसावे.

पण बहुतेकांना खरे तर नेट नको असते, आतल्या फाइली हव्या असतात. त्यासाठी राउटरचीही गरज नाही. लॅन केबलचे एक टोक जुन्या संगणकात आणि दुसरे नव्या लॅपटॉपात लावा. पूर्वी याला तारांची अदलाबदल केलेली खास क्रॉस केबल लागायची, आता गिगाबिट पोर्टे ती अदलाबदल स्वतःच करतात. व्यवस्थापक नसल्यामुळे मिनिटभरात दोघेही १६९.२५४ चे पत्ते घेतात आणि एकमेकांना दिसू लागतात.

विंडोजचे नेहमीचे फाइल शेअरिंग मात्र इथे बहुधा चालणार नाही. एक्सपी त्यासाठी एसएमबी या रीतीची पहिली आवृत्ती वापरते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने तिच्यातल्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला आणि त्या वर्षअखेरीपासून नवी विंडोज बसवताना ती आवृत्ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. ती पुन्हा चालू करण्याचे उपाय सापडतील, पण करू नयेत. त्यापेक्षा नव्या लॅपटॉपवर एफटीपी या फाइली नेण्या-आणण्याच्या रीतीचा छोटा सर्व्हर चालवावा, फायरवॉलने परवानगी विचारली की तेवढ्यापुरती द्यावी, आणि एक्सपीच्या ‘माय कॉम्प्युटर’च्या पत्त्याच्या ओळीत एफटीपी आणि लॅपटॉपचा क्रमांक टाकून फाइली ओढून सोडाव्या. १०० मेगाबिटच्या तारेवर प्रत्यक्षात सेकंदाला १०-११ मेगाबाइट जातात. ४० जीबीची अख्खी डिस्क भरलेली असली तरी तास-सव्वा तासाचे काम, छोट्या छोट्या फाइली फार असतील तर थोडे जास्त.

डीटीपीचा मजकूर असेल तर श्री-लिपी, आकृती यांचे जे फॉन्ट त्यात वापरले आहेत, ते ‘विंडोज’च्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून आठवणीने बरोबर घ्यावे. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत, मराठी अक्षरांची चित्रे ते रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवतात. फॉन्ट मागे राहिला तर नव्या लॅपटॉपवर आजोबांच्या आत्मचरित्राऐवजी इंग्रजी अक्षरे आणि स्वल्पविरामांची खिचडी उघडेल.